पायाखालची अकरा पानं

भांडुपला एल.बी.एस. मार्गाच्या आतल्या अंगाला एक जुनी औद्योगिक वसाहत आहे. तिथे तळमजल्यावरच्या एका गाळ्यात सीताराम घाडी छत्तीस वर्षं पुस्तकं बांधत आले. गाळ्यात शिरलं की आधी मैद्याच्या खळीचा आंबूस वास भेटतो, मग दिसते खळीला कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाची निळसर झाक. आणि जमीन? जमीन दिसतच नाही. कटिंग मशीनखालून कातरणं शेवयांसारखी सांडत असतात, भिंतीलगत छापून आलेल्या फर्म्यांचे, म्हणजे अजून न कापलेल्या मोठ्या तावांचे गठ्ठे, त्यातले चार-दोन निसटून पायात. अशा जागी माणसाने पाऊल टाकायचं तरी कुठे?

सीतारामांनी त्यावर नियम करून टाकला होता. कोऱ्या कागदावर पाय पडला तर पडला. तो कागद अजून कोणाचा झालेला नाही. पण अक्षर उमटलेल्या कागदावर पडला, तर वाकायचं, बोटं लावायची आणि कपाळाला न्यायची. मग ती पोथी असो, आयकराचा फॉर्म असो, नाहीतर औषधाच्या खोक्यात घालायचं घडीचं पत्रक.

त्यांची एकुलती एक मुलगी दीप्ती चार वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की गाळ्यात यायची. तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, उलटं छापलं असेल तर?"

"उलटा काय नि सुलटा काय. अक्षर ता अक्षर."

"आणि इंग्लिश असेल तर?"

"इंग्लिशवाल्यांका काय अक्षरां नसतत?"

झालं. नियम पक्का झाला. दीप्तीची आई ती दहावीत असताना गेली आणि त्यानंतर घर म्हणजे हे दोघं. गाळ्यात, घरात, बस स्टॉपवर, कॉलेजच्या जिन्यात, जिथे छापील चिटोरा पायाखाली येईल तिथे तिचा हात आपोआप खाली जाऊन कपाळाला लागून परत यायचा. मैत्रिणीशी बोलता बोलता, वाक्यही न तोडता.

मुलुंडच्या कॉलेजात तिने फ्रेंच घेतलं, ते स्कोअरिंग म्हणून. पुढे त्याचाच नाद लागला. एम.ए. करून ती त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. विभागप्रमुख शुभा मॅडम तिच्यावर खूश होत्या. दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ गं, पुढच्या जूनला पूर्णवेळची जागा निघतेय. तुझ्यासारख्या सहा जणी आहेत रांगेत. पण फ्रान्समध्ये शाळेत भाषा-सहायक म्हणून सात महिने शिकवून आलीस आणि तिथलं प्रमाणपत्र आणलंस, तर कमिटीत कोणी तोंड उघडणार नाही."

"आणि मध्येच परत यावं लागलं तर?"

"तर सातवी येऊन उभी राहील रांगेत. सात महिने म्हणजे सात महिने, दीप्ती. एक दिवस कमी नको."

दीप्ती निघाली त्या आठवड्यात सीतारामांनी गाळ्याचं काम बाजूला ठेवलं. त्यांनी तिच्यासाठी एक रजिस्टर बांधलं. दोनशे पानं, पाठीला लाल कापड, कोपऱ्यांना काळं कातडं, वर सोनेरी ठशात 'दीप्ती सी. घाडी'. आजकाल असं बांधकाम कोणी मागत नाही. पहिल्या पानावर त्यांनी आपल्या गोल अक्षरात 'श्री' काढला आणि खाली लिहिलं: पोरांस बरे शिकव.

*

फ्रान्सच्या उत्तरेकडचं ते गाव लहान होतं. एकेकाळी तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. आता त्यातल्या एकीची विटांची चिमणी तेवढी शाळेच्या मागे उभी होती.

पहिल्या दिवशी दीप्ती वर्गाच्या दारात येऊन थांबली. का थांबली? तर पोरं उठून उभी राहतील म्हणून. भांडुपच्या तिच्या मराठी शाळेत बाईंची सावली दारात पडली की बाकं खडखडायची आणि साठ गळ्यांतून सुरात निघायचं, एक साथ नमस्ते! नट विंगेत उभा राहून आपल्या वाक्याची वाट बघतो, तशी ती उभी राहिली. वाक्य आलंच नाही. दोन-तीन मिनिटांनी मागून एक आवाज आला, "मिस, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. वारा येतोय."

वर्ग हसला. ज्याने म्हटलं त्याचं नाव माथिस. तेरा वर्षांचा, पातळ ओठांचा, डोळ्यांवर केस.

तिचं काम होतं मदतनिसाचं. इंग्रजीच्या मूळ शिक्षिका मादाम ब्रिसो वर्गाचे दोन भाग करायच्या. अर्धी मुलं स्वतःकडे ठेवायच्या आणि अर्धी शेजारच्या खोलीत दीप्तीकडे पाठवायच्या. चौदा जण. त्यांना इंग्रजीत बोलतं करायचं. तिला मार्क देण्याचा अधिकार नव्हता, शिक्षा करण्याचा नव्हता, पालकांना बोलावण्याचा नव्हता. मुलांना हे पहिल्या तासाला कळलं. तिला कळायला आठवडा लागला.

"मिस, तुमची इंग्रजी कुठली?"

"भारतातली."

"म्हणजे डुप्लिकेट."

"खरी इंग्रज बाई कधी येणार, मिस?"

ती फळ्याकडे वळली की तोंड मिटून सगळे एकदम घुमायला लागत. हूंऽऽऽ. एका बाकाजवळ गेली की तिथला आवाज बंद, पुढच्या बाकावरचा चालू. पकडायचं कोणाला? चौदाही तोंडं बंद, चौदाही चेहरे भाबडे. ती मान हलवायची तशी पोरं मान हलवायची. तिचं 'व्हेरी गुड' तिच्याच सुरात तिला परत मिळायचं. रविवारी दुपारी भांडुपचा फोन यायचा. सीतारामांना व्हिडिओ कॉल जमत नसे, म्हणून शेजारच्या मीराकाकू फोन धरायच्या आणि निम्मा वेळ स्वतःची हनुवटी दाखवायच्या.

"काकू, बाबा दिसत नाहीयेत."

"अगं दिसतील, दम धर जरा. अहो भाऊजी, पुढे सरका ना, ही काय पासपोर्टची फोटोगिरी आहे?"

मग सीतारामांचा चेहरा. "जेवलंस काय गो?"

"जेवले, बाबा."

"पोरां ऐकतत मां तुझां?"

"ऐकतात. गुणी आहेत."

"ती मागे खिडकीतून काय दिसता? चिमणी?"

"गिरणीची. बंद आहे."

सीताराम जरा वेळ त्या चिमणीकडे बघत राहिले. त्यांचे वडील कामाला होते ती लालबागची गिरणी बंद पडली तेव्हा ते या पोरांच्याच वयाचे होते. "मगे त्यांचे आजे आमच्यावानीच," ते म्हणाले. "सांभाळून घे हां पोरांका. घरात काय चालला असात कोणाक म्हायत."

त्या वाक्यावर दीप्तीने आणखी महिनाभर काढला.

*

नोव्हेंबरातली एक गुरुवारची दुपार. दीप्तीने हाताने लिहून तयार केलेले प्रश्नांचे कागद वाटायला घेतले, त्यातला एक सटकला आणि तिचा पाय त्यावर पडला. ती बोलता बोलता वाकली, बोटं लावली, कपाळाला नेली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

वर्ग गप्प झाला. घुमणं बंद.

"मिस," माथिसने विचारलं, "हे आत्ता काय केलंत?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला खरा प्रश्न विचारला होता. ज्या नटाने आठ प्रयोग रिकाम्या खुर्च्यांपुढे केलेत, त्याला तिसऱ्या रांगेतून एक खाकरा ऐकू आला तर काय होतं? तेच झालं. दीप्ती टेबलावर टेकून बसली आणि तिने सांगून टाकलं, सगळं. भांडुपचा गाळा सांगितला, खळीचा वास सांगितला, कातरणं सांगितली. कोऱ्या कागदाचा आणि छापील कागदाचा नियम सांगितला. उलट्या छपाईचा प्रश्न सांगितला. लाल पाठीचं रजिस्टर उघडून पहिलं पान दाखवलं. हे माझ्या वडिलांचं अक्षर, हा श्री, ह्याने सुरुवात करतात.

वीस मिनिटं एकही बाक वाजलं नाही. चौदा जोडी डोळे तिच्यावर. माथिसने विचारलं, "फक्त लिहिलेला? कोऱ्याला नाही?"

"कोऱ्याला नाही."

"एकच अक्षर असलं तरी?"

"एक असलं तरी."

घंटा झाली तेव्हा ती तरंगत खोलीवर आली. त्या रात्री रजिस्टरमध्ये तिने लिहिलं: आज वर्ग हातात आला. तारीख टाकून खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या गुरुवारी ती आत शिरली तेव्हा दारातच कागदाचा एक बोळा पडलेला होता. कोरा. तिने ओलांडला. दुसरा बोळा टेबलाजवळ तिच्या बुटाखाली चेपला. त्यावर पेनाने एकच अक्षर काढलेलं, ए. तिचा हात खाली गेला आणि कपाळाला लागला.

चौदा जण टाळ्या पिटायला लागले.

मग तो खेळच होऊन बसला. ती चालली की पायात चिठ्ठी सरकवायची. कधी एक अक्षर, कधी तिचं नाव, कधी असे शब्द की जे फ्रेंचच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात तिने वाचले नव्हते. ती वाकायची. नाही वाकायचं असं ठरवून आत जायची, पण हात तिच्याआधी वाकायचा. एका तासाला सतरा वेळा. कोणीतरी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने रेघा मारून मोजदाद ठेवली होती. शाळेत फोनला बंदी होती, म्हणजे फोन मांडीवर होते. डिसेंबरात नऊ सेकंदांची एक चित्रफीत फिरू लागली. मिस वाकते, उठते, वाकते, उठते, मागे सर्कशीचं संगीत. कॅन्टीनमध्ये जेवण वाढणारी बाई तिला बघून ओठ आवळून हसली, तेव्हा दीप्तीला कळलं की ते गावभर पोचलंय.

ती मादाम ब्रिसोंकडे गेली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कॉफी दिली.

"मी मुख्याध्यापकांना सांगते. माथिसला तीन दिवस घरी पाठवतील. पाठवू?"

दीप्तीला सीतारामांचं 'सांभाळून घे' आठवलं. "नको."

"मग दुसरा उपाय सोपा आहे. तुम्ही वाकू नका. कागदच तो."

"प्रयत्न करतेय."

"आणि दीप्ती," मादाम ब्रिसो कपाकडे बघत म्हणाल्या, "एप्रिलमध्ये मला तुमच्याबद्दल लिहायचं आहे. वर्ग सांभाळता येतो की नाही, तो रकाना असतो. खोटं लिहिणं मला जमत नाही."

*

जानेवारीत तिने बॅग भरली. तिकिटाची तारीख बदलायला किती पडतात तेही पाहून ठेवलं. रविवारी सांगायचं ठरवलं. फोन लागला, मीराकाकूंची हनुवटी आली, मग सीताराम. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आज काय विशेष, बाबा?"

"काय नाय गो. मुलुंडाक गेल्लंय, तुझ्या कॉलेजात. शुभा मॅडमांका भेटलंय."

"तुम्ही? कशाला?"

"तेंची जुनी डिक्शनरी सुटली होती, ती बांधून दिली. म्हणाल्या, जागा दीप्तीसाठी धरून ठेवलीय." ते हसले. गाळ्यात आता कामगार उरला नव्हता. काम महिन्याला दोन-तीन गठ्ठे. पण ते त्यांनी सांगितलं नाही, ते मीराकाकूंनी आधीच सांगून टाकलं होतं. "तू बोल. तुझा काय?"

"काही नाही," दीप्ती म्हणाली. "थंडी खूप आहे."

बॅग तिने उपसली आणि तालीम सुरू केली.

हो, तालीमच. जिन्यातल्या टपालपेटीत फुकट येणारी जाहिरातीची पत्रकं तिने खोलीभर पसरली आणि शनिवारी दुपारी, बूट घालून, त्यांवरून चालायला लागली. पहिल्या दिवशी हात प्रत्येक वेळी गेला. मग तिने दोन्ही हातांत पुस्तक धरलं. हात गेला नाही, पण मान लवली. मग मान ताठ ठेवून चालली. जुन्या नाटक कंपनीत नव्या पोराला पदर सावरायची स्त्रीपार्टी चाल शिकवताना जशी महिना-महिना फेऱ्या मारायला लावत, तशा फेऱ्या. फरक एवढाच, की तिथे अंगात एक सवय घालायची असते आणि ही अंगातली एक सवय काढत होती. चॉकलेटची जाहिरात, टायरची जाहिरात, मग स्थानिक वर्तमानपत्र. फेब्रुवारीच्या सुट्टीत तिने एका कागदावर स्वतःचं नाव मराठीत लिहिलं, जमिनीवर ठेवलं, त्यावर उभी राहिली आणि शंभर आकडे मोजले. हात जागचा हलला नाही.

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिने चहा केला.

*

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी मधल्या सुट्टीत ती झेरॉक्स काढायला गेली आणि रजिस्टर टेबलावर राहिलं. घंटा झाली. ती परतली आणि दारात थांबली. या वेळी पोरं उठतील म्हणून नव्हे.

दारापासून टेबलापर्यंत पानं मांडलेली होती. एकामागे एक, पायघड्यांसारखी, सरळ रेषेत. फाडलेल्या कडा सगळ्या एका बाजूला. कोणीतरी खूप मन लावून मांडली होती. सगळ्यात अलीकडचं पान, तिच्या बुटाच्या टोकाशी आलेलं, त्यावर 'श्री' होता. त्याखाली गोल अक्षरात, पोरांस बरे शिकव. मग तिच्या स्वतःच्या अक्षरातली पानं. ऑक्टोबरचे बेत. चौदा मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याला काय आवडतं याची नोंद. आज वर्ग हातात आला, खाली दोन रेघा.

अकरा पानं. दोन्हीकडे बाकं, बाजूने जायला जागा नाही. मांडीवरचे फोन आता उघड वर आलेले. चौदा प्रेक्षक, एकही खुर्ची रिकामी नाही, आणि सगळ्यांना नाटक पाठ.

उलटं फिरून मादाम ब्रिसोंना बोलावता आलं असतं. खाली बसून पानं गोळा करता आली असती. पण तिच्या डोळ्यांपुढे एक रकाना होता, वर्ग सांभाळता येतो की नाही, आणि एक इस्त्रीचा शर्ट.

तिने पाय उचलला आणि 'श्री'वर ठेवला.

मग दुसरा. मग तिसरा. ती घाईने चालली नाही, चवड्यावरही चालली नाही. पूर्ण पाऊल टाकत, हात बाजूला सैल सोडून, मान ताठ ठेवून ती अकराच्या अकरा पानांवरून चालत गेली, टेबलाशी वळली आणि म्हणाली, "पुस्तकं उघडा. पान चौतीस."

कोणी हसलं नाही. कोणी घुमलं नाही. माथिसचा फोन हळूहळू खाली गेला. चेहरे असे झाले होते, जसे खोट्या तलवारीने खरं रक्त निघालेलं बघून पहिल्या रांगेचे होतात. एका मुलीने पुस्तक उघडलं. मग सगळ्यांनी.

तास संपेपर्यंत चौदा जण इंग्रजीत बोलले. क्रियापदांसकट, नीट.

सगळे गेल्यावर तिने पानं गोळा केली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. हिवाळ्यासाठी तिने जुन्या बाजारातून बूट घेतले होते. त्यांच्या तळाला बारीक चौकटींची नक्षी होती आणि टाचेला एक चांदणी. अकरा पानांवर तीच नक्षी, तीच चांदणी. दुसरा एकही ठसा नाही. पोरांनी पानं मांडताना एकाही पानावर पाय दिला नव्हता.

त्यानंतर दीड महिना वर्ग तिच्या मुठीत होता. पायात चिठ्ठी आली नाही. ती आत शिरली की बोलणं थांबायचं. मादाम ब्रिसो दारात येऊन दोनदा ऐकून गेल्या आणि एप्रिलच्या शेवटी त्यांनी प्रमाणपत्राच्या त्या रकान्यात लिहिलं: वर्गावर उत्तम ताबा.

शेवटच्या दिवशी माथिस मागे रेंगाळला. दप्तराचा पट्टा पिळत उभा राहिला.

"मिस, तुमचे वडील रागावतील का?"

"त्यांना कळणार नाही."

"पण..." तो अडखळला. "आम्हाला वाटलं, तुम्ही नाही चालणार."

दीप्तीने फळा पुसायला घेतला. तो पट्टा खांद्यावर टाकून गेला.

*

मे महिन्यात ती भांडुपला आली. मीराकाकूंनी ओवाळलं. सीतारामांनी तिची बॅग उचलायला घेतली, तिने उचलू दिली नाही.

"रजिस्टर भरला काय गो?"

"भरत आलंय. पार्सलने येतंय सामान, त्यात आहे."

रजिस्टर बॅगेच्या तळाशी होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अकरा सुटी पानं आत खुपसलेली. त्यानंतर मुलाखतीची तयारी, कागदपत्रं, धावपळ. जूनच्या पहिल्या सोमवारी मुलुंडला मुलाखत झाली. कमिटीतल्या एकाने प्रमाणपत्र हातात धरून विचारलं, "वर्गावर उत्तम ताबा. कसं काय जमवलंत परक्या देशात?"

"सरावाने," दीप्ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी शुभा मॅडमचा फोन आला. "दीप्ती, झालं गं! पत्र सोमवारी. पेढे घरी नको पाठवूस, मला शुगर आहे; स्वतः ये नि माझ्यासमोर खा."

तिने नाक्यावरून अर्धा किलो पेढे घेतले आणि थेट गाळ्यावर गेली. शटर अर्धं वर होतं. आत एकच ट्यूब चालू. सीताराम दाबयंत्राशी उभे, पाठ दाराकडे.

"बाबा! झालं! जागा मिळाली!"

ते वळले. हसले. पण जागचे हलले नाहीत आणि तेव्हा तिने पाहिलं, दाबयंत्रात काय आहे ते. लाल कापडाची पाठ. काळे कोपरे.

"बॅगेक वास येत होतो," सीताराम म्हणाले. "उन्हात टाकूक काढली. तर ह्यां गावला."

दीप्तीने पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरला.

"पानां फाटली काय, शिवता येतत. शिवलंय. तेचा काय नाय." त्यांनी कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी उचलली आणि परत ठेवली. "डाग पण काढूक बघलंय. ब्रेडचो मऊ गर घासून, खोडरबरान. जाऊचे नाय. दाबलेलो आसा ठसो. नुसतो लागलेलो नाय."

"बाबा, तिथली मुलं..."

"अकरा पानां," ते म्हणाले. छत्तीस वर्षं कागद हाताळलेला माणूस. त्याला कागद काय लपवणार? "अकराच्या अकरा एकाच बुटाचे. एक उजवो, एक डावो, एक उजवो. चालीचा अंतर सारखां. पळणाऱ्याचा नाय." आणि मग, तिच्याकडे न बघता, "तुझे बूट घरात कपाटावर आसत. चांदणी आसा टाचेक."

पंखा फिरत होता. कातरणं त्याच्या वाऱ्याने थोडी हलत होती.

"माझेच आहेत," दीप्ती म्हणाली. "मीच चालले. त्यांनी पानं मांडली आणि मी चालले. नाहीतर हे मिळालं नसतं." तिने पेढ्यांचा बॉक्स जरासा वर उचलला, जणू त्यातच सगळं होतं. "मला वर्ग सांभाळायचा होता."

सीतारामांनी मान हलवली. रागाने नव्हे. हिशोब पटलेल्या, पण न आवडलेल्या माणसासारखी.

"सांभाळलंस," ते म्हणाले. "बरा झाला."

ती पुढे झाली. बॉक्स त्यांच्या हातात द्यायला, त्यांच्या पाया पडायला, काय करायला निघाली होती तिलाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या पावलाला तिच्या चपलेखाली काहीतरी सरकलं. गठ्ठ्यातून निसटलेला एक फर्मा. दुसरीच्या बालभारतीसारखं कुठलंसं मुलांचं पुस्तक, मोठी अक्षरं, सोळा पानं एकाच कागदावर, निम्मी उलटी.

तिने पाहिलं. त्यांनीही पाहिलं. आणि तिचा पाय आपणहून थांबलाच नव्हता, हे दोघांनाही दिसलं. डोळ्यांनी सांगितल्यावर थांबला होता.

दीप्ती वाकली. बोटं कागदाला लावली. कपाळाला नेली. सगळं बरोबर, सगळं जागच्या जागी. रंगभूमीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. पाचशेव्या प्रयोगाला नटाचा हात काळजाशी जातो तो अगदी बरोबर जागी जातो, प्रेक्षकाला काही कळत नाही. पण विंगेत जुना माणूस उभा असतो, आणि त्याला कळतं, की आज हात नुसताच गेला.

गाळ्यात जुना माणूस उभा होता. ही मुलगी चार वर्षांची असल्यापासून त्याने हा नमस्कार पाहिला होता. बोलता बोलता, वाक्य न तोडता केलेला.

"राव दे," सीताराम हळूच म्हणाले. "माझ्यासाठी नको करूस."

ती तशीच उकिडवी बसून राहिली, दोन बोटं अजून कपाळाशी. सीतारामांनी गुडघ्यावर हात ठेवला, कण्हत खाली वाकले, तिच्या पायाजवळचा फर्मा उचलला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि गठ्ठ्यावर नीट ठेवला. तिच्या हातातला बॉक्स घेऊन कोऱ्या कागदाच्या थप्पीवर ठेवला, उघडला, एक पेढा तोडून निम्मा तिच्या तोंडात घातला आणि निम्मा आपल्या.

"चांगले आसत," ते म्हणाले. मग दाबयंत्राकडे वळले आणि त्याचा स्क्रू आणखी एक फेरा आवळला.